कापलेल्या हिरवळीचे पंधरा दिवस

नवव्या दिवशी हिरवळ पिवळी पडायला लागली, आणि फोन मात्र सांगत होता की सगळं उत्तम चाललं आहे. जमिनीत ओल भरपूर, आज पाण्याची गरज नाही. खाली एक हसरं हिरवं पान काढलेलं होतं. ताईला त्या पानाच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला, पण फोन तिचा स्वतःचा होता आणि नवा होता.

ताई म्हणजे बागांच्या पाण्याची कामं घेणारी कंत्राटदार. जमिनीखाली पाइप पुरायचे, वर फवारे बसवायचे, आणि पुढे वर्षानुवर्षं ते फुटले, तुंबले, कुणाच्या गाडीखाली आले की दुरुस्त करायचे, हा तिच्या वडिलांचा धंदा. वडील गेले तेव्हा धंदा, एक टेम्पो आणि मामा एवढी इस्टेट तिच्या वाट्याला आली. मामा म्हणजे सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. दोन महिने मदतीला म्हणून आला तो सत्तावीस वर्षं राहिला. वडील चारचौघांत म्हणायचे, "सासरहून आलेल्या वस्तूंपैकी घड्याळ बंद पडलं, मिक्सर जळला, मेहुणा तेवढा अजून चालू आहे." मामा यावर हसायचा नाही आणि चिडायचाही नाही. तो तेव्हा बहुधा कुठल्यातरी खड्ड्यात असायचा.

जमिनीखालचा पाइप कुठे गळतो हे मामा गवतावरून अनवाणी चालून सांगायचा. हिरवळ कापावी तर त्यानेच. चौकोन असा काढायचा, खालचं काम आटोपून असा परत बसवायचा, की दुसऱ्या दिवशी मालकाला आपल्या बागेत खणलं कुठे तेच सापडू नये. लोक त्याची तारीफ करत. तारीफ झाली की तो म्हणे, "कापणं कुणालाही येतं. पुढचे पंधरा दिवस महत्त्वाचे." हा त्याचा नियम होता. कापलेल्या तुकड्याला पंधरा दिवस रोज सकाळी झारीने पाणी. फवारे चालू असोत, पाऊस पडत असो, झारी चुकायची नाही. मुळं तुटलेली असतात, त्यांना दुसऱ्यांच्या रांगेत उभं करायचं नसतं, असं तो म्हणायचा.

पण माणूस कितीही गुणी असला तरी धंदा त्याच्या गुणांकडे बघून चालत नाही. ताईच्या धंद्याची पाच-सहा वर्षांत पार रया गेली होती. पाणीपुरवठा खात्याने बागांना आठवड्यातून दोन दिवस नेमून दिले. मग लोकांनी हिशेब केला की दोन दिवसांसाठी हिरवळ कशाला, आणि गवत उपटून गोटे अंथरले. गोट्यांना फवारा लागत नाही. खणायला नवी माणसं मिळेनात. जो येई तो पहिल्या दिवशी हाताला फोड येऊ देई आणि दुसऱ्या दिवशी फोन बंद ठेवी. आणि हे सगळं कमी होतं म्हणून मोठी कंपनी आली. ही कंपनी चार शहरांतल्या बागांना एका खोलीत बसून पाणी घालायची. खोलीत म्हणे सहा माणसं आणि त्यांचे सहा कॉम्प्युटर. ताईची एक शाळा आणि दोन सोसायट्या तिने बघता बघता गिळल्या होत्या.

आता त्या कंपनीचा माणूस ताईकडेही येऊन गेला होता. गुळगुळीत फाइल, गोड बोलणं. तुमची उरलेली कामं आमच्यात घाला, तुम्हाला पगार देतो, तुमची माणसं घेतो. फक्त माणसं पंचेचाळिशीच्या आतली आणि प्रमाणपत्रवाली. ताईच्या सात माणसांत चार जण त्या चाळणीतून पार होत होते. मामा एकोणसाठचा, आणि त्याच्याकडे प्रमाणपत्र एकच होतं, गाडी चालवण्याचं, तेही मुदत संपलेलं. ताईने महिनाअखेरपर्यंत वेळ मागून घेतला.

तिची सगळी आशा एका कामावर होती. गावाबाहेर एका बड्या ऑफिसचं आवार होतं, समोर नऊ एकर हिरवळ. पाच वर्षांचं काम निघालं होतं. अट अशी, की यंत्रणा स्वतःची स्वतः चालली पाहिजे. जमिनीत ओल मोजणारा सेन्सर, भिंतीवर पेटी, पेटी फोनला जोडलेली. कधी पाणी सोडायचं ते पेटीने ठरवायचं. तीस दिवसांची चाचणी. तीस दिवसांत कंत्राटदाराने एकदाही हाताने व्हॉल्व्ह उघडायचा नाही, उघडला की चाचणी रद्द. मोठ्या कंपनीला जे जमतं ते आपल्यालाही जमतं हे दाखवलं, की धंदा राहील आणि मामाही राहील, असं ताईचं गणित होतं. ती रात्री-बेरात्री माहितीपुस्तकं वाचून ते सगळं शिकली. आणि मामाने सेन्सर पुरताना विचारलं, "हे काय करतं गं?" तेव्हा तिच्या दोन्ही हातांत वायरी होत्या. ती म्हणाली, "मामा, ते सगळं फोनला कळतं. हवामान बघून ठरतं. तू फक्त कुठल्या व्हॉल्व्हला हात लावू नकोस."

मामाने कानाला खडा लावला. व्हॉल्व्हच्या झाकणावरून जायचं झालं तरी तो वळसा घालून जायचा.

आवाराचे व्यवस्थापक होते त्यांना ताईची माणसं पाठीमागे टक्केसाहेब म्हणत. सरळ बोलणं त्यांना जमायचंच नाही. चहा गार झाला तर तो साठ टक्के गार झालेला असायचा. दहाव्या दिवशी त्यांचा निरोप आला : हिरवळीत बावीस टक्के पिवळेपणा, खुलासा करावा. अकराव्या दिवशी तो चौतीसवर गेला.

ताईची पाचावर धारण बसली. तिने वायरी तपासल्या. पेटी उघडली, झटकली, परत लावली. व्हॉल्व्हची बारा झाकणं उचलून बारा ठिकाणी कोळी आणि गोगलगायी बघितल्या. सेन्सरवाल्याला फोन केला, तर पलीकडून एका गोड आवाजाने पेटी बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. तिने ते चार वेळा केलं. पाचव्यांदा त्या आवाजाने विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे पाऊस पडतोय का?" ताईने वर बघितलं. आभाळ इतकं कोरडं होतं की बघूनच घसा सुकावा. "नाही," ती म्हणाली. "मग जमीन खरंच ओली आहे का, बघता का एकदा?" ताईला राग आला. नऊ एकर गवत डोळ्यांसमोर करपतंय आणि ही विचारते जमीन ओली आहे का. तिने फोन ठेवला.

मामा दुपारी कडेला उकिडवा बसून गवताची काडी चावत होता. "पोरी, पाणी सोड. हे मागतंय."

"सोडता येत नाही, मामा. चाचणी जाईल."

"आणि गवत गेलं तर?"

"ते फोनला कळेल."

"फोनला कधी कळणार? तो खिशात असतो." मामा उठला, कपडे झटकले आणि बाराही झाकणांना वळसा घालून टेम्पोकडे गेला.

बाराव्या दिवशी ताई सकाळी सहालाच आवारात पोचली. दहाला टक्केसाहेबांनी बोलावलं होतं, आणि त्यांच्यासमोर काहीतरी घेऊन उभं राहायला हवं होतं. इतके दिवस ती कडेकडेने फिरली होती, कारण व्हॉल्व्ह कडेला होते आणि हिरवळीवर चालू नये अशी पाटी होती. आज ती पाटीला न जुमानता आत शिरली. पायाखाली गवत कुरकुरत होतं. मधोमध, दिव्याच्या खांबाजवळ, त्या पिवळ्या पसाऱ्यात एक हिरवागार चौकोन होता. टेबलाच्या फळीएवढा. कडा सरळ, गवत लुसलुशीत, वर पाण्याचे थेंब.

आणि चौकोनाशी मामा. हातात झारी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं, पण ताईला ते सुचायलाही थोडा वेळ लागला. त्या चौकोनाखाली सेन्सर होता. नऊ एकरांच्या वतीने ओल मोजायला एकच सेन्सर, आणि त्याच्या डोक्यावर रोज सकाळी सहा वाजता एक झारी. तो बिचारा इमानेइतबारे सांगत होता, ओल भरपूर आहे. खोटं काय बोलत होता?

"मामा, हे किती दिवस चाललंय?"

"आज बारावा." मामाने झारीचं तोंड शेवटच्या कोपऱ्याकडे वळवलं. "अजून तीन दिवस राहिले. तुकडा कसा धरलाय बघ! एक काडी वाळलेली नाही. बाकीच्यांची तू काय दशा केली आहेस."

ताई चौकोनाच्या कडेला बसली. मग तिने त्याला समजावून सांगितलं, जे बारा दिवसांपूर्वी सांगायला दोन मिनिटं लागली असती. सेन्सर काय करतो, पेटी कुणाचं ऐकते, फोन कुणाचं ऐकतो. मामा ऐकत गेला तशी झारी हळूहळू सरळ होत गेली.

"मला वाटलं ते आभाळाकडे बघून ठरवतं," तो म्हणाला. "तू म्हणालीस हवामान."

"म्हणाले खरी."

"मग मीच केलं हे."

ताईला त्याचा राग यायला हवा होता आणि येत नव्हता, त्याचाच तिला जास्त त्रास होत होता. सत्तावीस वर्षांत ज्या सवयीमुळे लोकांनी त्यांना कामं दिली, तीच सवय आज उलटली होती. आणि एका वाक्यात उत्तर देता येईल असा प्रश्न त्याने विचारला होता, तेव्हा तिला हात रिकामे करावेसे वाटले नव्हते.

दहा वाजेपर्यंत तिने ठरवून टाकलं. सेन्सर बिघडला म्हणायचं. यंत्र आहे, बिघडतं. नवा बसवू, चाचणी पहिल्या दिवसापासून परत सुरू करा. यात कुणाचं नाव येत नव्हतं. मामाला ती म्हणाली, "आत तुम्ही काही बोलू नका. मी बोलते." घरी ती मामाला अरे-तुरे करायची, कामाच्या ठिकाणी लोकांसमोर अहो-जाहो, आणि आत जायच्या आधीच ती अहोवर आली होती, त्यावरून मामाला प्रकरण कुठवर आलंय ते कळलं.

टक्केसाहेबांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकीतून सगळी हिरवळ दिसायची, म्हणजे आता सगळा पिवळेपणा दिसत होता आणि मधोमध तो हिरवा चौकोन, कुणी मुद्दाम रंगवून ठेवल्यासारखा. साहेबांनी आधी खिडकीकडे बघितलं, मग ताईकडे.

"एक्केचाळीस टक्के," ते म्हणाले.

"सेन्सर सदोष निघाला, सर," ताई म्हणाली. "कोरड्या जमिनीत ओल दाखवतोय. सेन्सरवाल्याशी बोलणं झालंय. तो काढून दुसरा..."

"नाही साहेब," मामा म्हणाला.

ताईने त्याच्याकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"सेन्सर खरं बोललाय. तो जिथे होता तिथे ओलच होती. मी घालत होतो, झारीने, रोज. कापलेलं गवत होतं म्हणून. मला माहीत नव्हतं तो खाली काय करतो."

"मामा," ताई दबक्या आवाजात म्हणाली.

"अगं, सेन्सर बिघडला म्हणशील तर तो उकरून काढतील. चांगलं चाललेलं उकरायचं? बिघाड एकीकडे आणि खड्डा दुसरीकडे, असं काम आपण कधी केलंय का?"

ताईला वाटलं, संपलं. काम गेलं, आता फाइलवाल्याला फोन करायचा. ती मनातल्या मनात ते वाक्य जुळवायलाही लागली होती. टक्केसाहेब मात्र कागदावर काहीतरी मांडत होते.

"म्हणजे यंत्रणा शंभर टक्के बरोबर चालली," ते म्हणाले. "तिला दिलेली माहिती चुकीची होती. बारा दिवसांत तिने एकदाही स्वतःचा निर्णय बदलला नाही, आणि तुम्हीही व्हॉल्व्हला हात लावला नाहीत." ते पहिल्यांदाच मामाकडे वळले. "हे गवत परत येईल?"

"मुळं जिवंत आहेत. पाणी सुरू झालं की चौदा दिवस."

"किती टक्के?"

मामाने या प्रश्नावर थोडा विचार केला. "सगळं," तो म्हणाला.

चाचणी रद्द झाली नाही. झारी बंद झाली. दोन दिवसांत त्या चौकोनाखालची ओल आटली, सेन्सरला तहान कळली, फोनवरचं पान रडवेलं झालं आणि पहाटे नऊ एकरांवर फवारे फिरले. मामा त्या दिवशी सकाळी हिरवळीच्या कडेला हात मागे बांधून उभा होता. त्याच्या पंधरातले उरलेले तीन दिवस तसेच राहिले, आणि तुकडा तरीही तगला. हे त्याला आवडलं की नाही, ते त्याच्या तोंडावरून कळेना.

चौदा दिवस म्हणजे चौदाच दिवस लागले. तिसाव्या दिवशी खिडकीतून बघितलं तर तो चौकोन कुठे होता ते दाखवता आलं नसतं. टक्केसाहेबांनी करार पुढे सरकवला. पाच वर्षं. ताईच्या छातीवरचा धोंडा उतरला. मोठ्या कंपनीला नाही म्हणता येणार होतं. तिने पेन उचललं, आणि वडिलांनी लावलेल्या सवयीप्रमाणे आधी सगळं वाचलं.

चौथ्या पानावर होतं : कंत्राटदाराचा एक प्रमाणित तंत्रज्ञ महिन्यातून एकदा भेट देईल. त्याखेरीज कंत्राटदाराची कोणतीही व्यक्ती आवारात काम करणार नाही. हाताने पाणी घालण्यास मनाई राहील.

"हे आधी नव्हतं," ताई म्हणाली.

"बारा दिवसांनी शिकवलं ना." साहेब आवाज न चढवता म्हणाले. "तुमचा माणूस चांगला आहे. खरं बोलला म्हणूनच हा कागद आज तुमच्यासमोर आहे. पण असला चांगुलपणा या यंत्रणेला परवडत नाही."

"ते माझे मामा आहेत."

"मग त्यांना दुसऱ्या कामावर घ्या."

दुसरी कामं ताईने मनात मोजली. मोजायला बोटं फारशी लागली नाहीत. एका सोसायटीने पुढच्या महिन्यात गोटे अंथरायचं ठरवलं होतं. दुसरीने विचारलं होतं, तुमच्याकडे ते फोनवालं आहे का. आणि आता होतं. ज्यांना ज्यांना ती हे विकणार होती, त्यांच्याकडे महिन्यातून एकदा जायचं होतं, आणि तेवढ्याला प्रमाणपत्रवाले दोघे जण पुरत होते. कंपनीने चौघांना तरी घेतलं असतं. ताईच्या डोक्यात हे लख्ख उजेड पडावा तसं आलं, आणि तरीही, करार हातचा जाऊ देण्याइतकी ती वेडी नव्हती. तिने सही केली. सहीचं अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं तिला नंतर नवल वाटलं.

मामा टेम्पोत बसला होता. ती येताना दिसली तसा त्याने दार उघडून धरलं.

"मिळालं?"

"मिळालं. पाच वर्षं."

"शाबास!" मामाने डॅशबोर्डवर थाप मारली. "तुझ्या बापाला एका वेळी दोन वर्षांच्या वर कुणी कधी दिलं नाही. उद्या किती वाजता यायचं?"

ताईने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"उद्या नको, मामा."

"मग परवा?"

तिने त्याला चौथं पान सांगितलं. आडपडदा न ठेवता, सावकाश, आणि या वेळी त्याने काही विचारायच्या आत सगळं सांगितलं. महिन्यातून एकदा, प्रमाणपत्र, दोन माणसं. त्याने मधे फक्त एकदा, "झारीपण नाही?" असं विचारलं आणि ती म्हणाली, "झारीचं तर लिहूनच दिलंय."

समोर हिरवळ पसरली होती. कुणी माळी नव्हता, कुणी चालत नव्हतं. मामा तिच्याकडे वळला.

"म्हणजे मला काढलंस का?"

"हो," ताई म्हणाली. तिला फार वाईट वाटत होतं, आणि ते सांगायचीही लाज वाटत होती.

मामाने मान हलवली. हात मांडीवर ठेवले, उलटे केले, परत सुलटे केले.

"त्या कंपनीने काढलं असतं तर शिव्या तरी घालता आल्या असत्या," तो म्हणाला.

"मला घाल ना."

मामाने तिच्याकडे बघून तोंड उघडलं. खरंच प्रयत्न करून बघावा तसं. मग मिटलं.

"नाही येत," तो म्हणाला.